बाई, डाय उलटीच कोरतात

बाई,

पहिलं अर्धं पान मी माझ्या हाताने लिहिलं. चार दिवस लागले. मग दमलो. आता पुढचं फोनला सांगतोय, फोन लिहितोय आणि तन्वी मला वाचून दाखवतेय. तुम्ही दोन वर्षं हेच सांगत होतात, काका, हात थकला तर फोनला सांगा, त्यात कमीपणा नाही. मी म्हणायचो, मेलो तरी यंत्राशी बोलणार नाही. मरायचं वय माझं होतं. गेलात तुम्ही. आणि मी यंत्राशी बोलतोय.

तुमच्या वर्गातल्या पोरांच्या आईबापांनी एक वही केलीय. प्रत्येकाने त्यात तुमच्याबद्दल काहीतरी लिहायचं आणि ती तुमच्या यजमानांना, साहेबांना, नेऊन द्यायची. लोकांनी लिहिलंय, बाई देवमाणूस होत्या, बाईंचा आवाज कधी चढला नाही. मला हसू आलं. माझ्यावर तुमचा आवाज किती वेळा चढला ते तुमच्या वर्गाखालच्या औषधवाल्याला विचारा म्हणावं. मला तसलं काही लिहायचं नाही. आपलं भांडण अर्धं राहिलंय, ते पुरं करायचंय. माझ्याशी भांडणारं आता दुसरं कोणी नाही. घरात सगळे हो हो करतात आणि आपापल्या कामाला लागतात.

पहिल्या दिवशीही मी भांडायलाच आलो होतो. तन्वी तेव्हा सातवीत. शाळेने बोलावलं, मुलगा कंपनीत सकाळपाळीला, सूनबाई कामावर, म्हणून आजा गेला. शाळेतल्या बाई म्हणाल्या, पोरगी बोलायला चुणचुणीत आहे, पण वाचायला उभी केली की घाम फुटतो, छत्तीसचे त्रेसष्ट करते, बोईसरला एक बाई अशा मुलांचा वर्ग घेतात त्यांना दाखवा. मी चिंचणीहून एसटीत बसलो तो बोलायचं पाठ करतच. औषधाच्या दुकानाचा जिना चढलो आणि दारातूनच तुम्हाला सांगितलं, "पोरीच्या डोक्यात काय बिघाड नाय. आमच्यात कोणाच्याच नाय."

तुम्ही म्हणालात, "बिघाड आहे असं मी कुठे म्हटलं? बसा. आणि चप्पल काढा."

मग तुम्ही मेंदूचं सांगायला लागलात. बोलणं लेकरू आपोआप उचलतं. वाचणं हे माणसाने फार नंतर काढलेलं काम, त्याच्यासाठी मेंदूत खोली बांधलेली नाही. आवाज ओळखणारी एक खोली, आकार ओळखणारी एक खोली, त्यांच्यात येजा करायला वाट पाडावी लागते. काही पोरांची वाट चटकन पडते, काहींची पडता पडत नाही. म्हणून पोर मठ्ठ नाही. त्याला तीच वाट शंभर वेळा चालवायची. कानाने, डोळ्याने, बोटाने, सगळं एकदम.

मी म्हटलं, ही उलटं बघते, डोळे तपासा. तुम्ही म्हणालात, डोळे चांगले आहेत. पापलेटचं तोंड उजवीकडे केलं काय, डावीकडे केलं काय, पापलेटच. मेंदूला जन्मापासून हीच सवय. अक्षरं आणि आकडेच असे आहेत की तोंड फिरवलं तर चूक. सगळीच मुलं आधी गोंधळतात, हिचा गोंधळ जास्त दिवस टिकला इतकंच. पण मूळ अडचण आवाजाची आहे, शब्द कानात तुटत नाही, सगळा एक गोळा ऐकू येतो. मी विचारलं, तुम्ही मासा खाता? नाही म्हणालात. मग मी म्हटलं, मासा न खाणारी घाटावरची बाई चिंचणीच्या माणसाला पापलेट शिकवते. तुम्ही हसला नाहीत. "तुम्ही नुसतं खाता, मी बाजारात बघते तरी," म्हणालात. तेव्हाच कळलं, ही बाई सोपी नाही.

एक सांगतो, तुमची पद्धत मला पहिले सहा महिने पटलीच नाही. टेबलावर टिचक्या मारत चिं-च-णी, ता-रा-पूर. एकेका आवाजाला एकेक शिंपला पुढे सरकवायचा. ताटलीतल्या वाळूत बोटाने अक्षर काढायचं आणि काढताना तोंडाने त्याचा आवाज करायचा. वाळू मीच आणून दिली होती, चिंचणीच्या किनाऱ्यावरची, चाळून. सातवीतली घोडी बालवाडीचे खेळ खेळतेय, असं मी सुनेला सांगायचो. पण तुमचं एक वाक्य डोक्यात बसलं होतं, बोटालाही कळतं. ते मला पटलं. बोटाला किती कळतं ते मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत.

कारण मी डाय करणारा. तुम्हाला माहीत आहे, वही वाचणाऱ्यांसाठी सांगतो. सोन्याच्या दागिन्याची नक्षी आधी पोलादाच्या ठोकळ्यात खोल कोरायची, ती डाय. तिच्यावर पातळ पत्रा ठेवून ठोकला की नक्षी पत्र्यावर उठते. पत्र्यावर सरळ उठायला हवी तर ठोकळ्यात उलटी कोरावी लागते. बाकीचे कारागीर आरसा धरून कोरायचे. मला आरसा कधी लागला नाही. तिसरीत माझी शाळा सुटली, अकराव्या वर्षी छिन्नी हातात आली, आणि शेठ आल्यागेल्याला बोलावून दाखवायचा, हा बघा, बिनआरशाचा कोरतो. शाळेत ज्याला रोज बाकावर उभा करायचे त्याला पहिल्यांदा कोणीतरी लोकांना बोलावून दाखवत होतं. आता ते काम मशीन करतं, कॉम्प्युटरवर चित्र काढायचं आणि बटण दाबायचं. पण हात अजून आहे.

म्हणून मी तन्वीसाठी अक्षरं कोरली. वाळू सांडते, पुसते. पोलादात कोरलेलं अक्षर पुसत नाही. आठ अक्षरं, दोन आकडे, प्रत्येकाला वेगळा ठोकळा. बोट बरोबर बसेल इतकी खाच, आत घासून आरशासारखी केली, पोरीच्या बोटाला ओरखडा यायला नको. पंधरा दिवस खपलो. तुम्हाला सांगितलं नाही. एकदम करून दाखवायचं होतं.

शाळेतून आली की तन्वीला ओटीवर बसवायचो. बोट फिरव, आवाज कर. वीसबावीस दिवस झाले. पोरीचं होतं ते बिघडायला लागलं. वाळूत जे यायला लागलं होतं तेही चुकायला लागलं. मी चिडलो. एवढं पोलादात कोरून दिलंय तरी हिच्या डोक्यात जात नाही. एका दिवशी तीनच्या आकड्यावर अडली, सारखी म्हणत होती, आजोबा, हा तीन नाय वाटत. मी तिच्या पाठीत धपाटा घातला.

हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. दोन वर्षं तुमच्यासमोर बसलो आणि हे सांगितलं नाही. आता तन्वी हे वाचतेय. वाचू दे.

त्या शनिवारी ठोकळे पिशवीत घालून तुमच्याकडे आणले. दहाही टेबलावर मांडले. तुम्ही एकेक हातात घेतला, खूप सुंदर आहेत म्हणालात. मग डोळे मिटून तीनच्या खाचेत बोट फिरवलंत. परत फिरवलंत. डोळे उघडलेत आणि माझ्याकडे बघितलंत.

"काका, हे सगळे उलटे आहेत."

मी म्हटलं, "बाई, डाय उलटीच कोरतात."

"हो. पण हिचं बोट डायमध्येच फिरतंय ना."

मी ठोकळा घेतला आणि बघत राहिलो. माझ्या डोळ्याला अजूनही तो तीनच दिसत होता. तुम्ही कागदावर तीन काढून बाजूला ठेवला तेव्हा दिसलं, मी पोरीला सहा देऊन तीन म्हणायला लावत होतो. वीस दिवस. आणि ती बरोबर सांगत होती.

तुम्ही हसायला लागलात. तुमचं ते हसणं, डोळ्याला पदर लावून. तन्वीही हसली. मला जमिनीत जावंसं वाटत होतं. मी रागाने म्हटलं, सरळ कोरून आणतो, त्यात काय. आणि गेलो.

सरळ काही येईना, बाई. पन्नास वर्षांचा हात, तो छिन्नी टेकवली की उलटाच वळायचा. चार ठोकळे वाया घालवले. समोर कागद ठेवला तरी हात ऐकेना. पाचव्या ठोकळ्याला एकच 'त' जेमतेम सरळ आला, तोही वाकडा, शिकाऊ पोराने कोरल्यासारखा. तो तुम्हाला आणून दिला आणि म्हटलं, जमत नाही. तुम्ही तो तळहातावर ठेवून म्हणालात, "तुमच्या मेंदूत पन्नास वर्षांची वाट आहे, काका. आता कळलं, तन्वीला रोज काय होतं ते?" माझ्यावर सूड उगवल्यासारखं नाही म्हणालात. तरी मला लागलं. अजून लागलेलं आहे.

उलटे ठोकळे तुम्ही फेकले नाहीत. शाडूची माती आणलीत आणि पोरांना सांगितलंत, दाबा. मातीवर सरळ अक्षर उठलं, त्याच्यावर बोट फिरवा. ही गोष्ट मला सुचायला हवी होती, जन्मभर पत्र्यावर तेच केलं. ते ठोकळे कायम तुमच्या कपाटात राहिले. बाकीची पोरंही मातीत दाबायची आणि विचारायची, हे कोणी केलं? तुम्ही म्हणायचात, आमच्या चिंचणीकर काकांनी. चूक माझी आणि नाव माझंच.

त्याच दिवशी की पुढच्या शनिवारी, तुम्ही फळ्यावर एक ओळ लिहिलीत आणि सहज म्हणालात, काका, हे जरा वाचून दाखवा बघू मुलांना. माझा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. म्हटलं, चष्मा घरी राहिला. कोणी काही वाचायला दिलं की मी आयुष्यभर हेच म्हणत आलोय. बँकेत, लग्नपत्रिकेला, मतदानाला. आमची मंडळी होती तोवर पेपर मोठ्याने वाचायची, म्हणायची मला मोठ्याने वाचल्याशिवाय समजत नाही. तिला माझं माहीत होतं का, ते मी तिला विचारलं नाही. तीही गेली.

पण त्या दिवशी चष्मा माझ्या नाकावर होता, बाई.

तुम्ही बघितलंत. पुढच्या वेळी आलो तर तन्वीच्या बाजूला आणखी एक खुर्ची होती. म्हणालात, नुसते बसून कंटाळता, हिच्याबरोबर जरा टिचक्या मारा, तिला सोबत होईल. मी सोबत म्हणून बसलो. दोन वर्षं सोबत म्हणूनच बसलो. तिची पाटी, माझी पाटी. तुम्ही मला कधी विद्यार्थी म्हणाला नाहीत आणि मी तुम्हाला कधी काही कबूल केलं नाही. पहिल्यांदा एसटीची पाटी स्वतःची स्वतः वाचली, त्या दिवशी तुम्हाला सांगायला जिना चढत होतो. वर येईपर्यंत लाज वाटली. मग पाऊस फार आहे म्हणून सांगितलं आणि बसलो.

एक गोष्ट मात्र मी धरून होतो. मला वाटायचं, ज्या डोक्याला वाचता येत नाही त्याला देवाने दुसरं काहीतरी दिलेलंच असतं. मला बिनआरशाची नजर दिली. तन्वीलाही दिलं असेल, तिला छिन्नी देतो, बघा कशी कोरते. तुम्ही तिथे कधी गोड बोलला नाहीत. "काका, तुम्हाला मिळालं ते तुमचं आणि तुमच्या मेहनतीचं. प्रत्येक मुलाला असं बक्षीस मिळतंच असं नाही. तिला काहीच खास येत नसलं तरी तिला वाचता आलं पाहिजे." मी पंधरा दिवस धुसफुसत होतो. छिन्नीही दिली तिला. दोन दिवसात कंटाळली. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. तुमचं बरोबर निघालं, एवढं लिहून ठेवतो.

आता ते दाखल्याचं. पोरगी नववीत आली, पुढे दहावी. वाचते आता, पण हळू. तीन तासांच्या पेपरात तिचं अर्ध्यावर राहतं. तुम्ही म्हणालात, सरकारी दवाखान्यात तपासणी करून दाखला घेऊ, बोर्डाच्या परीक्षेला जास्त वेळ मिळतो. मी विचारलं, दाखल्यावर काय लिहितात? तुम्ही लपवलं नाहीत. अध्ययन अक्षमता.

मी म्हटलं, आमच्या घरात अक्षम कोणी नाही. मुलगा म्हणाला, बाबा म्हणतील तसं. म्हणजे सगळं माझ्यावर आलं. तीन महिने तुम्ही मागे लागलात आणि तीन महिने मी नाही म्हटलं. शाळेची मुदत जवळ यायला लागली. शेवटच्या दिवशी मी जरा जास्तच बोललो. म्हटलं, तुम्ही बाहेरून आलात, तुमचे साहेब रिटायर झाले की तुम्ही गावी जाल, आम्हाला इथेच राहायचंय. उद्या पोरीची सोयरीक करताना कोणी हा कागद काढला तर? तुम्ही एवढंच विचारलंत, "तन्वीला विचारलंत का?" मी म्हटलं, तिला काय कळतं. तेव्हा तुम्ही म्हणालात, "काका, तुमचा चष्मा आणखी किती वर्षं घरी राहणार?"

तन्वीच्या समोर.

मी उठलो, पोरीचा हात धरला आणि जिना उतरलो. तुम्ही मागून हाक मारलीत. मी वळलो नाही. खाली औषधवाला म्हणाला, काय काका, आज लवकर? मी पोरीला ओढतच एसटीकडे निघालो.

अकरा दिवस मी गेलो नाही आणि पोरीलाही पाठवलं नाही. मनात होतं, बाई फोन करेल. तुम्ही तेव्हा दवाखान्यात होतात, हे मला कुठे माहीत. बाराव्या दिवशी सुनेच्या फोनवर निरोप आला. तिने वाचला. मी म्हटलं, परत वाच. तिने परत वाचला. मग तन्वी म्हणाली, आई, दे इकडे, आणि तिने वाचला, हळूहळू, एकेक शब्द तोडत, तुम्ही शिकवला तसा. तिसऱ्यांदाही तेच निघालं.

माफी मागायची माझ्या घराण्यात पद्धत नाही. मागून तरी आता कोणापुढे मागू. मी तुमच्या वर्गाच्या दाराशी जाऊन आलो. कुलूप आहे. काचेतून कपाट दिसतं, वरच्या खणात माझे ठोकळे आहेत. थोडा वेळ जिन्यातच बसलो. चढताना लागलेला दम जाईपर्यंत.

घरी येऊन तन्वीला विचारलं. तुम्ही सांगितलं होतं म्हणून विचारलं, मला पटलं म्हणून नाही. ती शिंपले डब्यात भरत होती. म्हटलं, तुला तो दाखला हवाय का?

म्हणाली, "मला येतं आजोबा. मला वेळ पुरत नाय, एवढंच."

म्हटलं, "लोक काय म्हणतील?"

"आत्ता काय म्हणतात ते तुमाला कुठे माहीत हाय?" ती वर न बघताच म्हणाली. "वर्गात म्हणतात ते."

मी विचारलं नाही काय म्हणतात. मला माहीत आहे काय म्हणतात. साठ वर्षांपूर्वीही तेच म्हणायचे.

मुलगा म्हणाला, रजा टाकतो. मी म्हटलं, सही कर आणि कागद दे, मीच जातो. मंगळवारी आम्ही दोघं पालघरला गेलो. दवाखान्यात रांग होती. खिडकीतल्या मॅडमनी कागद पुढे केला, म्हणाल्या, भरून द्या. माझा हात खिशाकडे गेला, बाई. सवय. तन्वीने माझ्या हाताकडे बघितलं आणि खिडकीतला कागद स्वतःच घेतला. मॅडमना म्हणाली, "मी वाचते. पण वेळ लागंल."

"बाकावर बसून भरा. सावकाश," मॅडम म्हणाल्या. इतकं साधं म्हणाल्या की मला तीन महिन्यांची लाज वाटली.

बाकावर बसलो. ती एकेक ओळ वाचायची, अडली की बाकावर बोटाने टिचकी मारून शब्द तोडायची. मीही मारायला लागलो. आजूबाजूचे लोक बघत होते. बघू देत. नाव झालं, शाळा झाली, इयत्ता झाली. खाली एक ओळ होती, तिथे ती थांबली. मला वाटलं शब्द अडला. पण तिने तो वाचला होता, मनातल्या मनात. मग मोठ्याने वाचला. "कु-टुं-बात आणखी कोणाला अशी अडचण आहे का?"

आणि पेन तसंच धरून ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही. घरातल्या सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं, हे मला त्या बाकावर कळलं. ती 'नाही' लिहायला तयार होती. माझ्यासाठी.

मी म्हटलं, पेन दे इकडे.

बराच वेळ लागला. दोन वेळा हात उलटा वळायला लागला, तो परत आणला. त्या रेघेवर मी 'आजा' लिहिलं. दोनच अक्षरं, पण सरळ.

चष्मा नाकावरच होता, बाई.